धक्क्याचा रकाना

पप्पा ज्यांच्या गाडीवर आहेत, त्या मालकांना ते 'बाबा' म्हणतात. कुवेतमध्ये बहुतेक ड्रायव्हर तसंच म्हणतात. मी मात्र त्यांना 'सर' म्हणायचं ठरवलं होतं.

कॉलेजचं माझं शेवटचं वर्ष होतं. ते संपलं की माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवानाही संपणार होता. इथे राहायचं तर कुणीतरी नोकरीवर घ्यायला हवं होतं. मालकांचं शर्कमध्ये ऑफिस आहे. पप्पांनी बरेच दिवस धीर गोळा करून माझ्याबद्दल विचारलं, तेव्हा मालक नाही म्हणाले नाहीत. ते हरणाच्या शिकारीसाठी स्कॉटलंडला निघाले होते. तिथे तीन रायफलींपैकी एक आधी ठरवून कळवायची होती आणि प्रत्येकीचं काडतूस वेगळं होतं.

"मुलगा शिकलाय ना? कुठलं चांगलं ते एका पानावर लिहून आणू दे. मग ऑफिसचं बघू."

मी बंदूक कधी हातात धरलेली नाही. पण तक्ता करता येतो. जलीबमधल्या आमच्या खोलीत बसून मी टू-फोर्टी-थ्री, थ्री-झिरो-एट आणि थ्री हंड्रेड मॅग्नम या तीन काडतुसांची माहिती जमवली. गोळीचं वजन, वेग, दोनशे मीटरवर उरणारा जोर, खांद्याला बसणारा धक्का. प्रत्येक गोष्टीला दहापैकी गुण दिले; धक्का जितका कमी, तितके गुण जास्त.

पप्पा मागे येऊन उभे राहिले. "हा शेवटचा रकाना कसला?"

"धक्का. गोळी सुटली की बंदूक खांद्यावर आदळते ना, तो."

त्यांचा हात स्वतःच्या उजव्या खांद्याकडे गेला. काहीतरी बोलतील असं वाटलं. "बरं," म्हणाले आणि चहा ठेवायला गेले.

तक्ता पानावर मावेना. अक्षर बारीक केलं तर वाईट दिसत होतं. पप्पा चहा घेऊन आले, त्यांच्यासमोरच मी शेवटचा रकाना काढून टाकला. आता मॅग्नम सहज पहिलं आलं आणि टू-फोर्टी-थ्री शेवटचं.

शुक्रवारी मालकांच्या दिवाणियात, म्हणजे त्यांच्या पाहुण्यांच्या बैठकीत, मी ते पान दिलं. पप्पा चहाचे पेले फिरवत होते. मालकांनी सगळं वाचलं. शेजारच्या मित्रानं डोकावून पाहिलं आणि हिंदीत मला म्हणाला, "इंजिनियरसाहेब, हरीण मारायचंय की रणगाडा?"

सगळे हसले. मीही हसलो.

"हे हलकं का नको?" टू-फोर्टी-थ्रीवर बोट ठेवून मालकांनी विचारलं. "यानं हरीण मरत नाही?"

"मरतं, सर. नेम नीट लागला तर. पण गुण कमी आहेत."

मालकांनी उजवा हात उचलला. तो कानापर्यंतही गेला नाही. "खांद्याचं ऑपरेशन झालंय. तुझे वडीलच मला दर आठवड्याला दवाखान्यात व्यायामाला नेतात. त्यांनी सांगितलं नाही?"

त्यांनी पप्पांकडे पाहिलं. पप्पा तबकाकडे बघत होते. मग त्यांनी एका पाहुण्याचा अर्धा भरलेला पेला उचलून तबकात ठेवला.

मालक रागावले नाहीत. "शुक्रन," असे आभार मानून त्यांनी पानाची घडी केली आणि मित्राशी अरबीत बोलू लागले. ऑफिसचा विषय त्या दिवशी निघाला नाही. नंतरही कधी निघाला नाही.

परत येताना गाडीत मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना? मग बोलला का नाहीत?"

"तू रकाना काढलास तेव्हा वाटलं, काहीतरी कारण असेल."

"पान भरलं होतं, पप्पा. बाकी काही नाही."

"मला काय कळतं त्यातलं," ते म्हणाले. चिडून म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते अगदी साधेपणानं म्हणाले.

सिग्नलला गाडी थांबली. माझ्या जन्माच्या आधीपासून ते या शहरात गाडी चालवतात. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "रिंग रोडनं घेऊ, की आतून?"

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. पण ते माझ्या उत्तरासाठी थांबले होते. "रिंग रोडनं," मी म्हणालो.

त्यांनी गाडी वळवली. पुढे लांबपर्यंत गाड्या अडकल्या होत्या. पप्पांनी गाडी रांगेच्या शेवटी नेऊन उभी केली.