न सांगता हलणारी जीभ

"आवंढा गिळा," डॉक्टर म्हणाले. त्यांनी दोन बोटांनी माझे ओठ बाजूला धरले होते आणि माझ्या हातात आरसा दिला होता. मी गिळलं. वरच्या आणि खालच्या दातांमधल्या फटीतून जीभ बाहेर डोकावली आणि परत आत गेली. मी तिला काही सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं ती हेच करत होती आणि मला पत्ता नव्हता.

या दुखण्याचं नाव ओपन बाइट. दाढा मिटल्या तरी पुढचे दात एकमेकांना टेकत नाहीत. मी सगळं दाढेनंच चावायचे, आणि आता जबडा दुखायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, "वरचा जबडा कापून थोडा वर बसवू. हाडाचं काम आमचं. पण स्नायूंना आणि जिभेला ते पटलं नाही, तर फट परत पडते." याला रिलॅप्स म्हणतात. कापण्यापेक्षा मला त्याचीच भीती जास्त वाटली.

आधी दातांना तारा लागल्या. मग इलेक्ट्रोमायोग्राफी झाली. यात गालाला चिकटपट्ट्या लावून स्नायूंमधली वीज मोजतात आणि ती यंत्रातून ऐकू येते. "आता काही करू नका," तंत्रज्ञ बाई म्हणाल्या. मी दगडासारखी बसले. यंत्राची खरखर चालूच. मी म्हटलं, मी काही करत नाहीये. "तुम्ही नाही हो, जबडा करतोय," त्या सहज म्हणाल्या. त्या खोलीत बसून स्वतःचाच गाल ऐकताना माझ्या अंगावर काटा आला.

तुमच्यापैकी कोणाला हे ऑपरेशन करायचं असेल, तर घरच्यांना सुजेची कल्पना आधी द्या. आम्ही दिली नव्हती. ऑपरेशननंतर आई आमच्या मळ्यावरची फुलं द्वारकेच्या फुलबाजारात पोचवून दवाखान्यात आली, माझ्या कॉटपाशी थांबली आणि मला म्हणाली, "ताई, इथं आमची रोहिणी व्हती. कुठं नेली वो तिला?"

माझे जबडे रबरांनी बांधलेले. बोलता येईना. आईनं मला अहो-जाहो केलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी हात पुढे केला. हार ओवून ओवून सुईचे घट्टे पडलेली बोटं तिनं ओळखली आणि ती कॉटवरच बसली. बराच वेळ ती बोटांकडेच बघत राहिली.

घरी आल्यावरही चेहरा परका वाटायचा. वरच्या ओठाला बोट लावलं की बोटाला ओठ कळायचा, ओठाला बोट कळायचं नाही. आरशात हसले की हसू जरा उशिरा यायचं, तेही एकाच बाजूनं. आरशातली बाई विचार करून हसतेय असं वाटायचं. मी आरशावर टॉवेल टाकून ठेवला.

एका दुपारी जेवून आडवी झाले होते. जाग आली तर आई अगदी जवळ बसून माझ्याकडे टक लावून बघत होती. "झोपंत बी तोंड चालतंय तुझं. कुनाशी बोलती गं?"

मी कोणाशीच बोलत नव्हते. मी गिळत होते.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी पुढच्या दातांत एक पातळ पट्टी धरायला लावली आणि ओढली. ती सहज निघून आली, म्हणजे फट परत पडायला लागली होती. "जीभ ढकलतेय," ते म्हणाले. इंदिरानगरच्या त्या दवाखान्यातून रिक्षानं परत येताना मी ढसाढसा रडले. एवढं कापलं, एवढं सोसलं, आणि माझ्याच तोंडात बसून कोणीतरी ते उसवत होतं.

मग व्यायाम सुरू झाले. जिभेचं टोक वरच्या दातांमागच्या उंचवट्यावर टेकवायचं, दाढा मिटायच्या, ओठ न हलवता गिळायचं. हे सारखं, दिवसभर. मी हार ओवता ओवता करायचे, जिभेला शिव्या घालत. तिला मी शत्रूच समजत होते. पण कंटाळले तरी सोडलं नाही. तुम्हीही सोडू नका, एवढंच सांगते.

परवा मळ्यातल्या शेडमध्ये आम्ही दोघी लग्नाचे हार करत होतो. आईनं गाठ मारून हार माझ्यापुढे धरला. कात्री फुलांच्या ढिगात कुठेतरी गडप झालेली. मी काहीतरी बोलत होते, आणि कट्ट असा आवाज आला. दोरा तुटला होता.

आई माझ्याकडे बघायला लागली. तुटलेलं टोक माझ्या ओठावर चिकटलं होतं आणि ते मला ओठावर कळत होतं. मी पुढच्या दातांनी दोरा तोडला होता. आमच्या घरात सगळ्या बायका तसाच तोडतात. मला जन्मात जमलं नव्हतं, कोणी शिकवलंही नव्हतं. एक क्षण भीतीच वाटली, हे केलं कोणी म्हणून. मग डोळे भरून आले.

"दात जपून वापर गं, डॉक्टर वरडतील," आई म्हणाली. आणि लगेच पुढच्या हाराला गाठ मारून तिनं तोही माझ्या तोंडापुढे धरला.