जन्मस्थानाचा रकाना

मुनीरचाचा. आधी नाव लिहून टाकतो, नाहीतर मी पुन्हा भलतीकडेच जाईन. माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील, तर अकोटच्या तहसील कचेरीबाहेर कडुनिंबाखाली टेबल टाकून बसणाऱ्या या अर्जनवीसाचे. आणि मी त्यांच्याशी जे केलं ते परवापर्यंत कुणालाही सांगितलेलं नव्हतं — बायकोला तर अजूनही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल.

विषय एका फॉर्मचा आहे. मी कॅनडात कायमचा रहिवासी आहे आणि परवाच नागरिकत्वाचा अर्ज भरला. भरला म्हणजे — तीन आठवडे भरतच होतो. तुम्ही असा फॉर्म कधी भरलाय? पाच वर्षांत कुठे कुठे राहिलात, प्रत्येक घराचा पत्ता. कुठे नोकरी केली, मधला एक महिनाही रिकामा चालत नाही. देशाबाहेर किती वेळा गेलात — गेल्याची तारीख, आल्याची तारीख, कुठे, कशासाठी. काही राहिलं की लाल अक्षरं. चहा ठेवायला उठलं की साइट आपल्याला बाहेर काढून टाकते, मग पुन्हा पासवर्ड, पुन्हा तेच पान. केतकीनं, माझ्या बायकोनं, स्वतःचा अर्ज एका दुपारी भरून पाठवूनही दिला. ती पुण्याची आहे, तिच्या घरी तीन पिढ्या फॉर्म भरतात. आमच्या घरी फॉर्म भरणारा पहिला माणूस मी. त्याआधी अंगठे.

मी एकाच ओळीवर अडकलो होतो. चार हिवाळ्यांपूर्वीचा प्रवास. भारत, अकरा दिवस. त्यापुढचा रकाना — कारण.

"अरे, दादाचं लग्न होतं ना आमच्या?" केतकी म्हणाली. "मग लिही की लग्न. त्यात कसला एवढा विचार?"

कसला विचार. बरोबर आहे तिचं. पण त्या आठवड्यात लग्नं दोन होती. तिला एकच माहीत आहे.

थांबा, आधी चाचा कोण ते सांगायला हवं. माझे बाबा अकोटच्या एका जिनिंगमध्ये हमाल होते. कापसाचे कण कानात, केसांत घेऊनच घरी यायचे. मला शाळेत घालायचं तेव्हा ते दाखला कसा मागतात हे विचारायला चाचांच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले, आणि तिथून पुढे माझ्या नावाचा प्रत्येक कागद चाचांच्या हातचा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, हॉस्टेल. शाईच्या पेनानं, थेट. कच्चं कधी केलं नाही. "आपल्या हातचा फॉर्म वापस येत नाई," असं ते पान चघळत म्हणायचे, आणि कचेरीतले कारकूनही ते मान्य करायचे.

मला त्यांनी दोन गोष्टी शिकवल्या. एक — रकाना कोरा सोडायचा नाही. कोऱ्या रकान्यात उद्या कुणीही काहीही लिहील. सांगण्यासारखं काही नसेल तर 'लागू नाही' लिहायचं, पण लिहायचं. दुसरी — अर्जात चारच गोष्टी असतात : कोण, काय झालं, पुरावा काय, मागणं काय. बाकी सगळी फोडणी.

अमरावतीला इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला बाबांच्या जागी तेच आले होते. टेबल बंद ठेवून, धुतलेला पांढरा शर्ट घालून, एसटीत फाइल मांडीवर धरून. खिडकीवरच्या बाईंनी उत्पन्नाचा दाखला जुना आहे म्हणून कागद बाहेर सरकवले. खिडकी बंद व्हायला वीस मिनिटं होती आणि मी रडायच्या बेतात. चाचा पायरीवर बसले, फाइल गुडघ्यावर ठेवली आणि एक पानाचं हमीपत्र लिहिलं. बाईंनी ते दोनदा वाचलं आणि शिक्का मारला. परतताना मी विचारलं, तुम्ही त्यांच्याशी काहीच कसे बोलला नाही? म्हणाले, "कागद बोलला पायजे बेटा. आपन बोललो का भांडन होते."

मग पासपोर्ट. माझा जन्म आईच्या माहेरी, अंजनगाव सुर्जीला झाला. शाळेच्या दाखल्यावर जन्मगावच नव्हतं आणि सगळे म्हणत होते, अकोट लिहून टाका, कोण बघतंय. चाचांनी आईला दोनदा विचारलं. तरी समाधान होईना, म्हणून स्वतः बसनं अंजनगावला गेले, नगरपालिकेतून माझ्या जन्माची नोंद काढून आणली. सोबत तिथल्या पानमळ्यातली पानं. फॉर्म त्यांनी कागदावर लिहून दिला आणि आम्ही तो अकोल्यात जाऊन जसाच्या तसा कॉम्प्युटरवर भरून घेतला. जन्मस्थान : अंजनगाव सुर्जी. ते लिहिण्यासाठी त्या माणसाचा एक पूर्ण दिवस गेला होता. हे मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी जे केलं ते माहीत असूनच केलं.

चाचांना एकच मुलगी, नाझनीन. तिचा निकाह त्या हिवाळ्यात ठरला. चाचांचा फोन आला. "तिले भाऊ नाई. तू ये. बाकी काई नको." आयुष्यात त्यांनी माझ्याकडे केलेलं ते एकमेव मागणं.

आणि मी म्हणालो, चाचा, माझे इथले कागद अडकलेत. बाहेर पडलो तर परत येऊ देणार नाहीत.

खोटं. कायमच्या रहिवासाचं कार्ड येऊन तेव्हा कितीतरी महिने झाले होते. पुण्याची तिकिटं काढलेली होती. निकाहाच्या दिवशी मी पुण्यात होतो, एका हॉलमध्ये, फेटा बांधून, केतकीच्या काकांबरोबर फोटो काढत. तिथून अकोट म्हणजे रात्रभराचा प्रवास. अकरा दिवस होते माझ्याकडे.

का? मी इतके दिवस याच प्रश्नाभोवती फिरतोय. आमचं लग्न कॅनडातच, विमानं बंद होती त्या काळात झालेलं. दोन्हीकडची माणसं त्या पुण्याच्या लग्नात पहिल्यांदाच भेटत होती. अकोटला जातो म्हटलं असतं तर केतकी सोबत आली असती, तिचे आई-वडीलही आले असते. तिथे मला नवरीचा भाऊ म्हणून उभं केलं असतं. मग सासऱ्यांनी विचारलं असतं, हे तुमचे कोण? चाचांचं नाव ऐकून ते क्षणभर थांबले असते — कदाचित थांबले नसतेही, चांगली माणसं आहेत. पण तो क्षण मला नको होता. झाडाखालचं टेबल, अंगठ्याची शाई, पानाचे डाग — नव्या माणसांना माझं जुनं माणूस दाखवायची मला लाज वाटली. एवढंच. याहून मोठं कारण असतं तर बरं झालं असतं.

आई-बाबांना मी अकोल्याहून रेल्वेनं पुण्याला बोलावलं आणि सांगितलं, मी आलोय हे चाचांना कळू देऊ नका. बाबांनी हातातली पिशवी स्टेशनवरच खाली ठेवली.

"काहून बा? चोरी करून राहिला का तू?"

मी पिशवी उचलायला वाकलो.

"मी खोटं नाई बोलनार," बाबा म्हणाले. "चूप राहीन. पन आपल्याच मानसाले तोंड चुकवाचं म्हनजे लय झालं गजू."

इथेच थांबलं असतं तर ते नुसतं खोटं राहिलं असतं. पण मी ज्याला कागदाची सबब सांगितली तो कागदाचा माणूस होता! सुटत नाही असा कागद त्यांच्या लेखी जगात नव्हता. सकाळी मी ऑफिसला निघायचो तेव्हा तिकडे कचेरी सुटलेली असायची, आणि चाचांचा फोन. कोणता कागद अडकला? नमुना कोणता? साहेबाचा हुद्दा काय? मग अर्ज येऊ लागले — झेरॉक्सवाल्याच्या फोनवरून काढलेले फोटो. 'मेहेरबान साहेब यांच्या सेवेशी.' कॅनडाच्या साहेबाला! एक मराठीत, एक इंग्रजीत, समास सोडून, अक्षर मोत्यासारखं. नाझनीनची पाठवणी झाल्याच्या आठवड्यातसुद्धा एक आला. मी कधी फोन उचलत नव्हतो, कधी 'बघतो' म्हणत होतो. मला त्यांचा राग यायला लागला होता. ऐकताय ना? मी खोटं बोललो, आणि राग मला त्यांचा येत होता — ते माझ्यावर विश्वास का ठेवताहेत म्हणून.

मार्चमध्ये एका सकाळी, बर्फात बसची वाट बघत असताना, त्यांनी सहावा मसुदा फोनवर वाचायला घेतला. आणि मी म्हणालो, "चाचा, सोडा आता. चूक तुमच्याच फॉर्ममधली आहे. पासपोर्टच्या. जन्मस्थान चुकलंय."

पलीकडे कागद खाली ठेवल्याचा आवाज आला. मग —

"अंजनगाव?"

"हो."

"मी तं नोंद काढून आनली होती. तुह्या मायलेबी दोनदा इचारलं होतं."

मी वळणावर बस दिसते का बघत होतो. "बरं," ते म्हणाले. त्यानंतर अर्ज बंद झाले. फोनही. मला काय वाटलं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. बस आली आणि मी चढलो.

गेल्या वर्षी बाबा व्हिडिओवर बोलत होते. आईनं चाचांचा विषय काढला, तसे बाबा म्हणाले, "मुनीरभाई आता पेन्सिलनं लिवते." मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. चाचा आता आधी पेन्सिलीनं फॉर्म भरतात. समोरच्या माणसाला म्हणतात, जा, त्या ऑनलाइनवाल्याकडून तपासून आण. तो हो म्हणाला की मग त्यावर शाई फिरवतात. पासपोर्टचे फॉर्म तर घेतच नाहीत. लोकांना वाटतं, वय झालं, नजर गेली. "नजर चांगली हाय त्याची," बाबा म्हणाले. "मले दुरूनच वयखते. म्हनून मी मागच्या गल्लीनं जातो. भेटला का एकच इचारते, पोराच्या कागदाचं काई समजलं का."

आणि हे ऐकूनही मी आणखी एक वर्ष गप्प राहिलो. पहिलं खोटं घाईत गेलं म्हणता येईल, दुसरं वैतागात. या वर्षाला काय म्हणू?

परवा शेवटी फॉर्म पूर्ण केला. 'कारण'च्या रकान्यात 'मेहुण्याचं लग्न' लिहिलं. खरं आहे ते. फॉर्ममध्ये एक प्रश्न असाही आहे — खोटी माहिती देऊन कधी काही मिळवलंत का? मी 'नाही' लिहिलं. तेही खरं आहे. त्यांना अभिप्रेत अर्थानं मी अगदी स्वच्छ माणूस आहे, आणि त्याचाच संताप येतो. जन्मस्थानाच्या रकान्यात 'अंजनगाव सुर्जी' टाइप केलं. हिरवी खूण आली. व्हिसाला, नोकरीला, कार्डाला — इतक्या वर्षांत त्या दोन शब्दांनी मला कुठेही अडवलेलं नाही. एकदाही नाही.

नागरिकत्व मिळालं की तो भारतीय पासपोर्ट वकिलातीत परत द्यावा लागतो. ते रद्दचा शिक्का मारतात. त्याआधी मी दोन पानांची झेरॉक्स काढली, कार्डाचीही काढली, आणि शाईचं पेन आणलं. कच्चं न करता थेट लिहिलं आणि रजिस्टर पोस्टानं पाठवलं. ते असं :

*प्रति,*
*मुनीरचाचा, अर्जनवीस,*
*तहसील कचेरीसमोर, अकोट.*

*विषय : जन्मस्थानाच्या नोंदीबाबत.*

*कोण : मी गजानन. तुम्ही ज्याचा पहिला कागद लिहिला तो.*

*काय झालं : पासपोर्टच्या फॉर्ममध्ये तुमची चूक नव्हती. कसलीच नव्हती. अंजनगाव सुर्जी बरोबर होतं आणि आहे. माझे कागद कधीच अडकले नव्हते. नाझनीनच्या निकाहाच्या दिवशी मी पुण्यात होतो. मला यायचं नव्हतं, म्हणून कागदाचं खोटं सांगितलं. तुमचे अर्ज थांबावेत म्हणून चूक तुमच्या नावावर घातली. तेव्हा तुम्ही अंजनगावला जाऊन आणलेली नोंद मला आठवत होती. बाबांना मी गप्प राहायला सांगितलं होतं. त्यांचा यात दोष नाही.*

*पुरावा : (१) पासपोर्टचं पहिलं पान, जन्मस्थानाखाली रेघ मारली आहे. (२) मुंबई विमानतळाच्या शिक्क्याचं पान. तारीख निकाहाच्या चार दिवस आधीची आहे. (३) कायमच्या रहिवासाचं कार्ड. त्यावरची तारीख त्याच्याही आधीची आहे. कुणाला दाखवायचं असेल तर तिन्हीच्या जास्तीच्या प्रती जोडल्या आहेत.*

*मागणं : लागू नाही.*