सायकलीला कच्चे टाके

आमच्या घरात माणसं दोन आणि सायकली पाच. पाचही जुन्या माउंटन बाईक, भंगारवाल्याकडून आणलेल्या. एक तर स्वयंपाकघराच्या दारात असते. दूध उतू गेलं तरी मला अंग चोरून आत जावं लागतं.

माझा नवरा शिंपी. कोटाला आधी कच्चे टाके घालायचे, गिऱ्हाइकाच्या अंगावर बघायचं, उसवायचं, पुन्हा घालायचे, ही त्याची रीत. तीच त्याने सायकलीला लावली. "जुनी माउंटन बाईक दणकट," तो म्हणायचा. "कुठलंही हॅन्डल बसतं, कुठलीही सीट चालते. काय चुकायचं ते हिच्यावर चुकावं, मग एकदाच मनासारखी बनवून घ्यावी." बोलणं पटण्यासारखं होतं, म्हणूनच मी फसले. लांब फ्रेमवर त्याची पाठ दुखली, आखूड आणली तर गुडघे हॅन्डलला लागले. अशी सहा वर्षं गेली. एक ना धड, भाराभर चिंध्या.

ती मनासारखी सायकल बनवायची होती माझ्या थोरल्या भावाने. दादा नळ्या जोडून माणसाच्या मापाच्या फ्रेम बनवायचा. पण त्याची नजर अधू होत चालली होती. रस्ता दिसायचा, माणसं दिसायची, जोडाची बारीक रेघ मात्र दिसेना. महिनाअखेरीला तो दुकान बंद करणार होता.

"शेवटची फ्रेम जावईबापूंची," तो मला म्हणाला. "पण माप द्या म्हणावं."

मी रोज नवऱ्याला विचारायची, "घोडं कुठं पेंड खातंय?"

"सीट अर्धं बोट मागे हवी असं वाटतंय."

"तुझ्या अर्ध्या बोटासाठी दादाचे डोळे थांबणार आहेत का?"

चार दिवस उरले तेव्हा कुठे त्याने पाचांतल्या त्यातल्या त्यात बऱ्या, निळ्या सायकलीची मापं कागदावर उतरवून दिली. दादाने भिंग लावून, तीन दिवस खपून फ्रेम बनवली, चाकं चढवली. नवरा वर बसला. सीट पार खाली केली तरी पाय टेकेनात.

दादाचा चेहरा उतरला. "माझंच चुकलं. नळी मापताना दिसलं नसणार."

मी कागद ओढून घेतला आणि निळ्या सायकलीला टेप लावला. कागदावरचं प्रत्येक माप दोन इंच जास्त होतं.

"माया ठेवली होती," नवरा हळूच म्हणाला. "शिवणीत ठेवतो तशी. मागाहून आत घेता यावं म्हणून."

"लोखंडात?" मी कपाळाला हात लावला. दादाच्या हातची शेवटची वस्तू, आणि तीही वाया. मला रडूच आलं.

दादा मात्र हसत सुटला. चूक त्याच्या डोळ्यांची नव्हती. मग त्याने टांग टाकली. तो आमच्यात सगळ्यांत उंच, त्याचे दोन्ही पाय नीट टेकले. जन्मभर दुसऱ्यांच्या मापाचं बनवलं, स्वतःची सायकल त्याला कधी नव्हतीच.

आता रोज सकाळी दोघं निघतात. पुढे निळ्या सायकलीवर भडक नारिंगी सदऱ्यातला नवरा, आणि तो रंग धरून मागे दादा. पण हा मधेच थांबून सीट वरखाली करतो आणि दादा येऊन धडकतो. काल दोघंही ढोपरं फोडून आले.

औषध लावून झाल्यावर मी निळ्या सायकलीच्या सीटचा नट गच्च आवळला. नवऱ्याची मनासारखी सायकल ठरली. पाना माझ्याकडे आहे.