पाठ टेकल्यावर

शमशुद्दीन वस्तादांचा विश्वास फक्त तांबड्या मातीवर. बाकी सगळ्या जगावर संशय. दूधवाल्यानं चरवी ठेवली की आधी त्यात बोट बुडवून बघायचे, थंडाईचे बदाम डोळ्यांदेखत वाटून घ्यायचे, आणि तालमीत कुणी फोनवर हळू बोलायला लागलं की त्याच्या मागं जाऊन उभे राहायचे. "तुमच्या संशयाला औषध न्हाय," त्यांची बायको नजीरा म्हणायची. वस्ताद तिच्याकडंही जरा निरखूनच बघायचे.

असल्या माणसाचा लाडका पठ्ठ्या म्हणजे प्रसेनजीत. दहाव्या वर्षी तालमीत आला, तो बाविसाव्या वर्षी शाहूपुरीतल्या जिममध्ये मनाली मॅडमकडं एमएमए, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालतं ती लढत, शिकायला गेला. पहिल्या चार लढती त्यानं नुसत्या ठोशांवर मारल्या. पेपरात फोटो आला, गल्लीत डिजिटल बोर्ड लागला. पुढं तयारीचे गडी समोर आले आणि पठ्ठ्या लागोपाठ तीन वेळा हरला. तिन्ही वेळा तीच तऱ्हा. समोरच्याला उचलायचा, दणकन पाठीवर आपटायचा, आणि मग हात सैल! खालच्यानं मान आवळली की खेळ खल्लास. आता आणखी एक हरला असता तर लढती भरवणारे त्याला कायमचा घरी बसवणार होते.

तिसरी लढत वस्तादांनी मोबाईलवर सतरा वेळा बघितली.

"सोडला! बघ, जाणूनबुजून सोडला! सेटिंग हाय ही."

"आणि कुणी केली सेटिंग?" नजीरानं विचारलं.

"त्या बाईनं. पोराला अंड्याचा नुसता पांढरा खायला घालती. मग पिवळा जातोय कुठं?"

नजीरानं कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी वस्ताद जिमसमोरच्या चहाच्या गाड्यावर तोंडाला मफलर गुंडाळून बसले. मे महिन्यात मफलर! "पावणं, ताप हाय काय?" चहावाल्यानं विचारलं. वस्तादांना त्याचाही संशय आला. तेवढ्यात एक मोटरसायकल थांबली, आणि प्रसेनजीतनं बाहेर येऊन त्या माणसाकडनं एक पुडकं घेतलं. घावला! वस्ताद रस्ता ओलांडून त्याच्या मागोमाग जिममध्ये घुसले आणि पुडकं हिसकावून फाडलं. आतनं गुडघ्याला बांधायच्या पट्ट्या पडल्या.

तरी वस्तादांचा पारा काय उतरेना. "कुणी इकत घेतला रं तुला? बोल की!"

प्रसेनजीतचं तोंड एवढंसं झालं. "तुमच्या पायाची शपथ, वस्ताद. मी सोडत न्हाय. हात सुटतोय."

"मी दोन वर्षं हेच बघतेय," मनाली मॅडम म्हणाल्या. "समोरच्याची पाठ टेकली की चटका बसल्यासारखा याचा हात सुटतो. आमच्याकडं पाठ टेकल्यावर खरी लढत सुरू होते. याला हे सोडायचं शिकवलं कुणी?"

वस्तादांनी हातातलं फाटकं पुडकं खाली ठेवलं.

त्यांनीच शिकवलं होतं. अकरा वर्षांचा असताना प्रसेनजीतनं चीत झालेल्या पोराला सोडलं नव्हतं, आणि त्या पोराच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. त्या दिवशी वस्तादांनी त्याला दोन्ही हात पुढं करायला लावून चिंचेच्या फोकेनं मारलं. "पाठ टेकली की कुस्ती संपली. सोड!" तिथनं पुढं वर्षानुवर्षं आखाड्याच्या कडेला बसून ते रोज तेच ओरडत आले, आणि हात सोडायला जरा उशीर झाला की फोक. चुकीचं काय शिकवलं होतं त्यांनी? मातीत तीच रीत होती. पण पोराला चोर ठरवला, याची त्यांना आता मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली.

त्यांनी मफलर काढून फेकला आणि मॅटवर सरळ उताणे झाले. उभ्या हयातीत या माणसाची पाठ कुणी टेकवली नव्हती. पोरं व्यायाम सोडून बघत राहिली.

"ये. दाब मला. आणि आता सोडायचं न्हाय."

प्रसेनजीतनं त्यांच्या पायाला हात लावला, मग छातीवर येऊन खांदे दाबले. वस्तादांची पाठ मॅटला टेकली आणि त्याची बोटं ढिली पडली.

"धर लेका! मी सांगतोय न्हवं, धर!"

प्रसेनजीतनं डोळे मिटले, दात आवळले. हात सुटलेच. आणि वस्तादांचं सांगणं मोडलं म्हणून चोवीस वर्षांच्या त्या गड्यानं गुडघ्यावर बसून दोन्ही तळवे त्यांच्यापुढं धरले.