ग्राफ साफ निघाला

भागाबाईचा नवरा देवराव रेल्वेत होता. डोळे कमजोर, पण दर मेडिकलले पास. भिंतीवरच्या तक्त्याची अक्षरं कुठून तरी उतरवून आणून तिनंच त्याले पाठ करवली होती. भाकरी थापता थापता उलटीसुलटी म्हणवून घ्यायची. बीपीची तपासणी आली की आठ दिवस आधीपासून जेवणातलं मीठ बंद. भिलाई-3 च्या रेल्वे क्वार्टरांच्या लायनीत अशा विद्या घरोघरी होत्या, पण शिकायले बाया भागाबाईकडंच यायच्या.

देवराव गेल्यावर पोरगा नरेश त्याच्या जाग्यावर लागला. डब्याले डबा जोडायचं काम. मधात उभं राहायचं, तिकडून इंजिन ढकलत येते.

त्या नरेशले दिवाळीपासून झटके येऊन राहिले होते. जेवता जेवता बुबुळं वर, हात ताठ, तोंडाले फेस. भागाबाई आधी दार लावून घ्यायची, मंग चप्पल हुंगवायची. सून दामिनी म्हणाली, "आई, डॉक्टरले दाखवू ना." तर म्हातारी खेकसली, "दाखवजो! उद्या यार्डातून काढला म्हंजे? लेकराले काय माती चारशील?"

पण एक दिवस तो टपरीवरच पडला, सुपरवायझरच्या समोर. लोकं म्हणाले, ऊन लागलं. सुपरवायझर म्हणाला, "दिमाग की जाँच करा ले, फिर ड्यूटी पे आ."

दुर्गच्या डॉक्टरनं समजावून सांगितलं, डोक्याले तारा लावून मेंदूतली वीज मोजतेत. "बाल धोके आना, तेल नहीं. और रातभर जागना है. थका दिमाग अपनी खराबी जल्दी दिखाता है."

भागाबाईनं नेमकं हेच पकडलं. बाहेर आल्यावर हसली. "खराबी दाखवायले कोन जाते, बाप्पा!"

जाँचीच्या आदल्या रात्री तिनं नरेशले पोटभर खाऊ घातलं, टीव्ही बंद केला, लहानग्या नातवाले, सोनूले, दामिनीच्या कुशीत दुसऱ्या खोलीत धाडलं अन् स्वतः पोराचे पाय चेपत बसली. सकाळी ऊन अंगणात येईपर्यंत त्याले उठवला नाही.

दुर्गच्या दवाखान्यात टेक्निशियननं केसांत चिकट लेप लावून तारा डकवल्या. "सोए तो नहीं रात को?"

"बिलकुल नहीं," नरेशच्या आधी भागाबाईच बोलली.

डोळ्यांपुढं लाइट लपलप केला, जोरजोरानं श्वास घ्यायले लावला, मंग झोप म्हणाले. झोप कुठची येते! टकटक छताकडं पाहत पडला.

डॉक्टर म्हणाला, "ग्राफ साफ है. पर इससे पूरी बात पता नहीं चलती. कभी झटके आए हैं?"

नरेशनं आईकडं पाहिलं.

"नहीं साहब. गर्मी का चक्कर था," भागाबाईनं सांगून टाकलं.

लायनीत तिनं जिलबी वाटली. शकुबाई शेजारीण म्हणाली, "डोक्याचंबी मेडिकल पास करवलं वं तुनं! आता मेल्यावर यमाच्या तपासणीलेबी तूच जाजो आमच्यासंगं."

पोळ्यानंतरच्या हप्त्यात नरेश दोन डब्यांच्या मधात ताठ झाला. संगच्या गुड्डूनं वॉकीटॉकीवर बोंब मारली, ड्रायव्हरनं ब्रेक लावला, म्हणून जीव वाचला. उजव्या हाताचा पंजा चाकाखाली गेला.

दवाखान्यात नव्या डॉक्टरनं विचारलं, की असं आधी झालं होतं काय. भागाबाईनं तोंड उघडलं, "नहीं साहब, पहली..."

"झटके दिवाली से आ रहे हैं," दामिनी मधातच बोलली. "और उस जाँच से पहले ये रातभर सोए थे. इनकी माँ ने सुलाया था."

"चूप बस!"

"कावून चूप बसू? आता दुसरा हात राह्यला म्हणून?"

नरेश जागाच होता. पट्टीकडं न पाहता म्हणाला, "आई, तू तं म्हणायची, सगळेच असं करतेत."

"करतेत ना, बाप्पा," भागाबाई म्हणाली.

पुढची जाँच जागून झाली. ग्राफमधी जे दिसायचं ते दिसलं. सकाळ-संध्याकाळ एक एक गोळी, अन् झटके थांबले. इतकंच औषध होतं.

नरेश आता ऑफिसात बसतो, डाव्या हातानं सही गिरवतो. यार्डाचं नाव घरात निघत नाही. भागाबाई दोन्ही टायमाले गोळी अन् पाण्याचा गिलास घेऊन त्याच्यापुढं उभी राहते. तो मान वळवून दामिनीले हाक मारतो. दामिनी येऊन सासूच्या हातातली गोळी परत गोळ्यांच्या डबीत टाकते, अन् स्वतःच्या हातानं दुसरी काढून नवऱ्याले देते.