थेंब टाकून बघणाऱ्या वनिता मॅडम

कोणतीही नवी वस्तू हातात आली की वनिता मॅडम आधी तिच्यावर पाण्याचा थेंब टाकत. हिंगोलीच्या आमच्या कॉलेजात त्या रुजू झाल्या त्या दिवशी मी विभागप्रमुख म्हणून कडक इस्त्रीचा सदरा घालून बसलो होतो. बोलता बोलता त्यांनी पेल्यात बोट बुडवलं आणि थेंब माझ्या बाहीवर सोडला.

"मुरला. सुती आहे सर," त्या म्हणाल्या. "दुकानदारानं फसवलं नाही तुम्हाला."

मॅडम वसमतच्या. भाजलेल्या मातीच्या पदार्थांवर, म्हणजे सिरॅमिक्सवर, त्यांनी पुण्यात डॉक्टरेट केली. पुढे उष्णतेनं रंग बदलणाऱ्या धाग्यांवर काम केलं आणि नंतर औषध शरीरात हळूहळू कसं सोडावं यावर. स्टाफरूममध्ये थट्टा चाले, "मॅडम, तुमचं दुकान नेमकं कशाचं? विटांचं, कापडाचं की गोळ्यांचं?"

"भोकांचं," त्या शांतपणे सांगत. "विटेत भोकं, कापडात भोकं, गोळीतही भोकं. त्यांतून काय आत जातं आणि काय बाहेर येतं, एवढंच मी बघते."

हे तिन्ही त्यांनी एका पट्टीत आणलं. आमच्या जिल्ह्यातल्या पुसेगावकडे पावसाळ्यात चिखलातून चालून मेंढ्यांच्या खुरांना जखमा होतात. रोज औषध लावायला कळपामागे कोण फिरणार? मॅडमनी ठरवलं, मातीचे बारीक मणी भाजायचे, त्यांत पशुवैद्यांनी दिलेलं औषध मुरवायचं आणि ते कापडी पट्टीत शिवायचे. जखमेच्या ओलीनं औषध थोडं थोडं उतरेल. पाय तापला तर पट्टीतला निळा धागा पांढरा पडेल, म्हणजे मेंढपाळाला लांबूनच कळेल. तिथले जुने मेंढपाळ रामजी आबा यांनी आपल्या लंगड्या मेंढ्या द्यायचं कबूल केलं. आबांनी दिल्या की बाकीचेही देणार होते.

पुढचं मी कित्येक वर्षं कुणाला सांगितलं नाही. मणी भाजायच्या दिवशी मॅडमना आईच्या आजारपणासाठी वसमतला जावं लागलं. आच किती ठेवायची ते सांगून त्यांनी भट्टी माझ्याकडे सोपवली. सांगितलेल्या आचेवर निघालेला नमुन्याचा एक मणी मी चिमटीत दाबला, तर त्याचा भुगा झाला. आमच्याकडे माठ घेताना टिचकी मारून बघतात, खणखणीत वाजला तरच घेतात. मला वाटलं, बाईंचं भाजणं कच्चं राहतंय. मी आच वाढवली. मणी टणक, गुळगुळीत, देखणे निघाले. आतली भोकं मात्र बुजून गेली होती. मॅडम परतल्या, मणी घेऊन गेल्या, आणि त्या एकदाच त्यांनी थेंब टाकला नाही. भट्टीपाशी मी होतो ना.

औषध मण्यांच्या वरवरच राहिलं आणि पहिल्याच चिखलात धुऊन गेलं. आबांची एक मेंढी दगावली. 'कॉलेजातल्या बाईच्या पट्टीनं मेंढी मेली' हे गावोगाव झालं. परत आलेल्या पट्टीतला मणी काढून मॅडमनी त्यावर थेंब टाकला. तो वर तसाच गोल उभा राहिला.

"सर, आच किती होती?"

"तुम्ही सांगितली तेवढीच," मी म्हणालो.

"मग माती चुकली माझी."

मी निवृत्त झालो. मॅडम वर्षानुवर्षं माती बदलत राहिल्या.

गेल्या उन्हाळ्यात कानावर आलं की त्या पुन्हा आबांकडे गेल्या होत्या आणि आबांनी त्यांना अंगणातूनच परत पाठवलं. मेंढ्या नाही मिळाल्या तर त्या हे काम कायमचं बंद करणार होत्या. मी कॉलेजात गेलो आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. मॅडम खुर्चीतून उठल्या.

"म्हणजे पहिली माती बरोबर होती?" त्यांनी विचारलं. चेहरा एखाद्या मुलीसारखा उजळला होता. मग आवाज बदलला. "रागवायचंय मला सर. भरपूर. पण ते परत येताना. आधी पुसेगावला चला."

आबांनी माझं बोलणं काठीवर हनुवटी टेकून ऐकलं.

"म्हंजी मेंढी तुमी खाल्ली मास्तर, अन् नाव ह्या बाईचं झालं."

"व्हय आबा."

"इतके दिवस काहून बोलला न्हाई?"

"लाज वाटली."

"ती बाई आमच्या शिव्या खाऊन राहिली, तवा न्हाई वाटली?"

आबा उठले आणि एका लंगडणाऱ्या मेंढीला कानाला धरून मॅडमपुढे घेऊन आले. "ही घे बाई. पन भट्टीपाशी ह्या मानसाला बसवू नको."

परतताना नरसीपर्यंत मॅडम बोलत होत्या, मी ऐकत होतो. नरसीला त्यांनी गाडी थांबवली आणि दोन चहा सांगितले.

जुन्याच मातीचे मणी त्यांनी स्वतः भाजले आणि मला बोलावून घेतलं. माझ्या हातात ड्रॉपर दिला. मी थेंब सोडला. पापणी लवायच्या आत तो मण्यात गेला.

"आता चिमटीत दाबू नका तेवढं," मॅडम म्हणाल्या.

पावसाळ्यात एका सकाळी आबांचा फोन आला. "मास्तर, धागा पुन्ना निळा झाला. मेंढी कळपाच्या म्होरं चालून राहिली. बाईला म्हनावं, लौकर ये. माझ्या दारात चौघं जन आपापल्या मेंढ्या घेऊन बसलेत."