डावीकडे ओढणारी गाडी

नवापूरच्या पुढे, गुजरातची हद्द जिथे डोंगरातूनच जाते, तिथल्या एका पाड्यावर लिडिया गावित राहते. पाड्यावर गाडी चालवणारी ती एकटीच बाई. हौस म्हणून ती शिकली नव्हती. नवरा जोसेफ खडी फोडायला जायचा, तेव्हा दगडाची कपची उडून त्याचा एक डोळा गेला, आणि पुढे गाडी घ्यायचं निघालं तेव्हा एका डोळ्याने ती घाटात चालवायची त्याची छाती होईना. तेव्हा लिडियाच म्हणाली, "मग मी चालवते." नवापूरला जाऊन ती शिकली, परीक्षा दिली, लायसन घेऊन आली.

गाडी आधी तिच्या धाकट्या भावाची, दिग्विजयची होती. तो नवापुरात राहतो, म्हातारी आई मोतीबाई त्याच्याकडेच असते. आई अंगणात पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि ऑपरेशनसाठी दिग्विजयने आपली व्हॅन विकायला काढली. बाहेर देण्यापेक्षा बहिणीला देतो म्हणाला. लिडियाने साठवलेलं होतं नव्हतं ते दिलं आणि व्हॅन पाड्यावर आणली.

तेव्हापासून पाड्यावरची पोरं नवापूरच्या शाळेत तिच्या गाडीतून जायला लागली. एसटी येते ती शाळा भरल्यावर. त्याआधी पोरं उतार उतरून डांबरी रस्त्यापर्यंत चालत जायची आणि मिळेल त्या वाहनाला हात करायची. आता ती दारातून बसायची. लिडियाची स्वतःची मुलगी योगिता मधल्या सीटवर, खिडकीपाशी. कोणाला उलटी होते, कोण झोपतं, कोणाचा डबा सांडतो, सगळं लिडियाला पाठ झालं होतं.

गाडीची एक खोड होती. सरळ जायचं तर स्टेअरिंग किंचित उजवीकडे धरून ठेवावं लागायचं. हात सैल सोडला की गाडी डावीकडे ओढायची. लिडियाला वाटायचं, गाड्या अशाच असतात. शिकतानाचे थोडे दिवस सोडले, तर तिने दुसरी गाडी चालवली होती कुठे?

एकदा पंक्चर काढताना नवापूरचा पंक्चरवाला म्हणाला, "हे आतून बघितलंस का?" डाव्या बाजूचं पुढचं टायर बाहेरून चांगलं होतं, नक्षी दिसत होती. आतली कड मात्र गुळगुळीत होऊन तिथून तार डोकावत होती. लिडियाने त्यावर बोट फिरवलं आणि बोट लगेच मागे घेतलं. त्याच टायरवर तिने सकाळी पोरं घाटातून उतरवली होती.

त्याने मागचं टायर पुढे लावून दिलं आणि सांगितलं, नंदुरबारला जाऊन अलाइनमेंट करून घे, चाकं एका रेषेत येतील.

नंदुरबारला पुनीतचं टायरचं दुकान आहे. त्याचे वडील चंपालाल राजस्थानातून आले, तेव्हा सायकलच्या ट्यूब विकायचे. पुनीतने कम्प्युटरवर अलाइनमेंट करायचं मशीन आणलं. लिडियाने पुढे डावीकडे नवं टायर घालून घेतलं. मग चारही चाकांना शिकंजे लावले, पडद्यावर आकडे उमटले, काही हिरवे, बरेचसे लाल. पुनीतच्या कारागिराने खाली शिरून बोल्ट फिरवले. स्टेअरिंग सरळ झालं. विसरवाडीच्या रस्त्याने परत येताना लिडियाने मोकळ्या सडकेवर क्षणभर हात सैल सोडून पाहिला. गाडी सरळ गेली. घरी येऊन तिने जोसेफला दोनदा सांगितलं.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली आणि ओढ परत आली. लिडियाने चाक पूर्ण वळवून आत हात घातला. नव्या टायरचीही आतली कड खरखरीत झाली होती, खालून वर हात फिरवला तर करवतीसारखी लागत होती.

ती पुन्हा नंदुरबारला गेली. या वेळी पुनीतने गाडी लिफ्टवर उचलली आणि दिवा घेऊन स्वतः खाली उभा राहिला. मग त्याने तिला खाली बोलावलं. चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, डाव्या लांब पट्टीवर जाड काळा रंग फासला होता. त्याने स्क्रू ड्रायव्हरने तो खरवडला. खाली घडी पडलेला पत्रा आणि वेल्डिंगची ओबडधोबड शिवण.

"ताई, ही गाडी ठोकायेल शे," पुनीत अहिराणीत म्हणाला. "जोरमा ठोकायेल शे. तुमले कोनी सांगं नई का?"

लिडिया मान हलवूनच नाही म्हणाली.

"मी बोल्ट फिराडी देस, आकडा जरासा सुधरी. पन चाकच वाकडं उभं शे. टायर खाईच. चेसिस मन्हा हातमा नई."

तिने विचारलं, सरळ करून मिळते का? त्याने सुरतेच्या एका ओळखीच्या माणसाला तिच्यासमोर फोन लावला, फोटो पाठवले. फोन परत आला तेव्हा पुनीत बाजूला जाऊन बोलला. मग येऊन म्हणाला, ओढून सरळ करता येईल, पण पत्रा आधीच एकदा ओढून जोडलेला आहे. परत कधी तुटेल ते तो सांगू शकत नाही. "गाडीमा कोन बसस?" त्याने विचारलं. शाळेची पोरं, असं तिने सांगितलं तेव्हा तो खाली बघायला लागला.

लिडिया तिथून थेट दिग्विजयकडे गेली. तो आईला भात भरवत होता. आईला टेकायला त्याने पाठीशी उशी लावली होती. लिडियाला बघून आईचा चेहरा उजळला. "गाडीनंच आलीस ना?" तिने विचारलं. शेजारची बाई डोकावली तेव्हा तिलाही म्हणाली, "माझी पोरगी चालवते गाडी."

दिग्विजय हात धुवायला मागच्या दारी गेला, तशी लिडिया त्याच्यामागे गेली.

"गाडी ठोकली होतीस?"

त्याने नळ बंद केला. "सोनगडच्या अलीकडे. म्हैस आडवी आली. नीट करून घेतली मी."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर घेतली असतीस का, ताई?"

तिने मागचं दार ओढून घेतलं.

"डॉक्टर थांबायला तयार नव्हते," तो म्हणाला. "आई रात्रंदिवस ओरडत होती. मला दुसरं काही सुचलं नाही."

"त्यात पोरं बसवत होते मी. तुझी भाची बसते."

"माहीत आहे," तो म्हणाला, आणि रडायला लागला. आतून आईने विचारलं, काय झालं. लिडिया म्हणाली, काही नाही, बोलतोय आम्ही. भांडायला आली होती ती. भावाच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

रविवारी प्रार्थनेनंतर तिने पाड्यावरच्या आईबापांना सांगितलं की उद्यापासून गाडी बंद. टायर, चेसिस, सगळं समजावून सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. मग फुलीबाई, जिचे दोन नातू गाडीत असायचे, म्हणाली, "हळू चालव मग. कोण घाई करतंय?"

"हळू चालवलं तरी टायर फुटायचं ते फुटेल, काकी."

"आजवर फुटलं नाही."

कोणीतरी म्हणालं, नवीन टायर टाक. कोणीतरी म्हणालं, देव सांभाळेल. जोसेफ म्हणाला, "ती नाही म्हणते ना." पण तोही रात्री तिला म्हणाला, परीक्षेपुरती चालवली असती तर बरं झालं असतं.

सोमवारी सकाळी रायसिंगची जुनी जीप पाड्यावर आली. आईबापांनी आदल्या संध्याकाळीच त्याच्याशी ठरवलं होतं. पुढे त्याच्याजवळ चार मोठी माणसं, मध्ये भाजीच्या पाट्या, आणि पोरं मागे, एकमेकांच्या मांडीवर. मागचं दार नव्हतंच. मोठी दोन पोरं फूटरेस्टवर उभी राहून वरची शिडी धरून लटकली. योगिताने आईकडे बघितलं आणि आत घुसली. दुसरं काय करणार होती ती? घटक चाचणी होती.

"पोरांना बाहेर लटकवू नकोस," लिडिया रायसिंगला म्हणाली.

"मग तू ने," तो म्हणाला. रागाने नाही, सरळच.

जीप वळणावरून खाली गेली. लिडिया अंगणात उभी राहिली. जीप दिसेनाशी झाली तरी घाटात तिच्या गिअरचा आवाज येत होता, तो थांबेपर्यंत तिला घरात जाववेना. व्हॅनमध्ये पोरं निदान आत तरी बसायची, हे तिच्या मनात आलं. ती पायरीवर बसली. आपण बरोबर केलं की चुकलो, हे तिला त्या दिवशी कळलं नाही, आणि नंतरही कळलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती जीपमध्ये बसून जाऊ लागली. मागे, अगदी उघड्या बाजूला, आणि एक हात आडवा धरून. लटकणाऱ्या पोरांचे शर्ट ती मुठीत धरते. मूठ किती उपयोगाची, हे तिलाही माहीत आहे.

व्हॅन आंब्याखाली उभी आहे. परतताना जीप रिकामी असते, तेव्हा रायसिंग तिला पुढे बसवतो. एकदा त्याने विचारलं, "ती गाडी काढून का टाकत नाहीस? गिऱ्हाईक आहे माझ्याकडे. नवापूरचाच माणूस, बायकापोरांना फिरवायला हवी आहे त्याला."

"चेसिसचं सांगशील त्याला?"

रायसिंग हसला. "ते सांगितलं तर घेईल का कोणी?"

लिडिया समोरच्या रस्त्याकडे बघतच म्हणाली, "राहू दे मग."